श्रमदानातून उभे राहिलेले सॉफ्टवेअर

(द्वितीय वर्ष, कला)

सर्वांसाठी खुला असलेला एखादा प्रोग्रॅम आपण मोठ्या आशेने डाऊनलोड करतो आणि तो आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणार नाही असे कळते. जे सर्वांसाठी आहे ते सर्वांच्या संगणकावर का चालू नये, असा प्रश्न पडणे साहजिक आहे.

छायाचित्रांवर काम करण्यासाठी वापरला जाणारा ‘गिंप’ हा प्रोग्रॅम उदाहरणादाखल घेऊ. अमेरिकेतील बर्कले येथे शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये त्याचे काम आरंभले. त्यांच्यासमोर युनिक्स होते, म्हणून गिंप युनिक्सवर जन्मला. १९९७ मध्ये तो विंडोजवर आला, कारण फिनलंडच्या टॉर लिल्क्विस्ट यांनी ते काम अंगावर घेतले. थोडक्यात, ज्या सिस्टिमला माणूस मिळतो तिथे प्रोग्रॅम पोहोचतो.

खिडकी उघडणे, अक्षरे काढणे, फाइल ठेवणे या साध्या गोष्टींच्याही रीती प्रत्येक सिस्टिमच्या निराळ्या. त्यामुळे एकदा लिहून भागत नाही. प्रत्येक सुधारणा प्रत्येक ठिकाणी तपासावी लागते. कंपनी त्यासाठी पगारी माणसे नेमते. स्वयंसेवक मात्र नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवशी हे करतो. त्यात खर्चही आहे. मॅकओएस अ‍ॅपलच्याच यंत्रावर वापरण्याची परवानगी असल्याने चाचणीसाठी ते यंत्र हवे. शिवाय प्रोग्रॅम उघडताना धोक्याची सूचना येऊ नये, म्हणून अ‍ॅपलकडे वर्षाला ९९ डॉलर भरून नोंदणी करावी लागते.

जुन्या सिस्टिमची गोष्ट याहून अवघड आहे. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चा सांभाळ थांबवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेली पायथन भाषेची ३.९ ही आवृत्ती विंडोज ७ वर चालत नाही. जिची डागडुजी तिच्या मालकानेच सोडली, ती सिस्टिम स्वयंसेवकांनी किती दिवस ओढावी ?

तरीही एक गोष्ट मनाला लागते. जुना संगणक बहुधा ज्याला नवा परवडत नाही त्याच्याकडे असतो, आणि मोफत सॉफ्टवेअरची खरी गरजही त्यालाच. आमच्या घरात संगणकाला हात लावणारा मी पहिलाच. तो संगणकही दुसऱ्याने वापरून झालेला. माझ्यासारखे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतील. म्हणजे ज्याला गरज अधिक, त्याचीच सिस्टिम आधी वगळली जाते.

यात स्वयंसेवकांना दोष देणे मला पटत नाही. गावात श्रमदानाने रस्ता होतो, तेव्हा ज्या वस्तीतली माणसे कुदळ घेऊन येतात, त्या वस्तीकडे तो आधी वळतो. इथेही तसेच आहे. प्रोग्रॅम लिहिता आला नाही तरी आपल्या यंत्रावर तो कुठे अडतो याची नेमकी नोंद करून कळवणे, नवी आवृत्ती तपासून पाहणे, सूचनांचे मराठी भाषांतर करणे, ही कामे कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखी आहेत. आपल्या वस्तीतून कोणी गेलेच नाही, तर रस्ता आला नाही म्हणून रुसण्यात काय अर्थ ?