बटन सेल घेताना

थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टसाठी मी रूमच्या तापमानाची नोंद ठेवणारा छोटा लॉगर केला होता. वेळ राखायला डीएस ३२३१ चिपचं तयार मोड्यूल घेतलं आणि त्यात घड्याळाच्या दुकानातून आणलेला सीआर २०३२ बसवला. काही दिवसांनी बघतो तर सेल चांगलाच फुगलेला! आणि टेबलाला लागूनच रूम पार्टनरची गादी.

मोड्यूल उलटसुलट करून पाहिल्यावर कारण सापडलं. त्यावर एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर होता. म्हणजे ५ व्होल्टच्या सप्लायमधून सेल गुपचूप चार्ज होत होता. सीआर चार्ज करायचा नसतोच. केला तर आत गॅस होतो, सेल फुगतो, कधी फुटतोही.

मग वाटलं, रिचार्जेबलच घेऊ. एलआयआर २०३२ त्याच मापाचा, २० मिमी व्यास, ३.२ मिमी जाडी, त्यामुळे होल्डरमध्ये बिनधास्त बसतो. फसगत इथेच होते. सीआर ३ व्होल्टचा, एलआयआर ३.६ चा, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. डीएस १३०७ ला बॅटरीच्या पिनवर ३.५ पर्यंतच चालतात. माझ्या चिपला ४.२ सोसले असते, पण डायोडचे ०.६ वजा जाता सेलला ४.४ मिळणार, म्हणजे एलआयआरलाही ते जास्तच!

बरं, क्षमता? सीआरची सुमारे २२० मिलिअँपिअर-तास, एलआयआरची जेमतेम ४०. घड्याळ ३ मायक्रोअँपिअर खातं असं धरा. सीआर हिशेबाने आठ वर्षं पुरतो, एलआयआर दीड. शिवाय तो पडून पडून उतरतो ते वेगळंच. रिचार्जेबल म्हणजे भारी, हा माझा समज त्या कॅल्क्युलेटरवरच संपला.

एमएल २०३२ हा तिसरा भाऊ: ३ व्होल्ट, सुमारे ६५ मिलिअँपिअर-तास. कायम सप्लायवर असणाऱ्या बोर्डाच्या मेमरी बॅकअपला हा बरा, मात्र चार्जिंगचं व्होल्टेज डेटाशीट बघूनच ठेवा. एलआयआर घ्यायचा तो वरचेवर चार्ज होणाऱ्या वस्तूत, तेही ४.२ ला थांबणारा चार्जर असेल तर.

मी डायोड काढून टाकला आणि नवा सीआर घातला. फुगलेल्या सेलला सेलोटेप गुंडाळून ई-कचऱ्यात दिला. घड्याळ बरोबर चालतंय. पार्टनरने गादी मात्र दाराजवळ नेली आहे ती नेलीच.