आजोबांचं वेब्ली रिव्हॉल्व्हर

प्रश्न : आजोबा दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते. त्यांच्या पेटीत ‘वेब्ली’ कोरलेलं रिव्हॉल्व्हर निघालं. परवाना सापडत नाही. घरी जपता येईल का? एकदा चालवून पाहावं म्हणतो. – एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : चालवून मुळीच पाहू नका. वेब्लीचं १९१५ चं ‘मार्क ६’ हे रिव्हॉल्व्हर .४५५ बोअरचं, नळी खाली मोडली की सहाही पुंगळ्या वर उचलल्या जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेकांची चक्री मागून तासून त्यांत .४५ ची पिस्तुलाची काडतुसं बसवली गेली. त्यांचा दाब जास्त. चक्री फुटली तर हात जाईल. शस्त्राच्या अंगावर बाणाची खूण असेल तर ती ब्रिटिश सरकारी मालाची. ती घासू नका, शस्त्राचा इतिहास तिच्यातच आहे.

जुनं आहे म्हणून परवाना माफ होत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम ४५ दुरुस्तीनंतरही चालू शकणार नाही अशाच पुरातन शस्त्राला सूट देतं, आणि तो निर्णय आपण घरी करायचा नसतो. आजच पोलीस ठाण्याला कळवा, शस्त्र जमा करून पावती घ्या. मग वारस म्हणून यवतमाळच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे परवान्यासाठी अर्ज करा. आजोबांची फौजेतली कागदपत्रं सोबत जरूर जोडा.