क्षेत्र, कंपू आणि वापसा



आपल्या 'शेत' या शब्दाचे मूळ संस्कृत 'क्षेत्र' या शब्दात आहे. क्षेत्र म्हणजे नांगरणी-पेरणीची जमीन. पुढे हाच शब्द तीर्थस्थानाला लागला. गीतेच्या तेराव्या अध्यायात तर शरीरालाच क्षेत्र म्हटले असून, त्याला जाणणाऱ्यास क्षेत्रज्ञ हे नाव दिले आहे. जमीन, तीर्थ आणि देह या तिघांना आपल्या पूर्वजांनी एकच शब्द वापरला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

असाच दूरचा प्रवास केलेला दुसरा एक शब्द म्हणजे 'कंपू'. आज आपण तो काहीशा तुच्छतेने वापरतो. चार जणांचे टोळके जमले की 'त्यांचा कंपू' असे म्हणतो. परंतु मराठी इतिहासात कंपू म्हणजे कवायती फौजेची पलटण. महादजी शिंद्यांच्या पदरी १७८४ पासून द बॉयन या युरोपीय सरदाराने जी कवायती फौज उभी केली, तिला कंपू म्हणत. पुढे १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायमचा पडला. त्या तळाचेच शहर झाले आणि शहराचे नाव 'लष्कर' असेच राहिले. त्या लष्करातील एका भागाला आजही कंपू म्हणतात. हा शब्द इंग्रजी 'कॅम्प'वरून किंवा पोर्तुगीज 'कांपो'वरून आला असे सांगतात. दोहोंचे मूळ लॅटिन 'काम्पुस' या एकाच शब्दात असून त्याचा अर्थ मोकळे मैदान, शेत असा आहे. विद्यापीठाच्या आवाराला आपण 'कॅम्पस' म्हणतो, तोही हाच शब्द. म्हणजे शेत, सैन्याचा तळ आणि विद्येचे आवार या तिघांचे मूळ एक आहे.

ही शब्दचर्चा करण्यास एक निमित्त घडले. लातूर जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबातील विद्यार्थी ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. हे विद्यापीठ २००८ साली स्थापन झाले. हा विद्यार्थी कंपू भागात खोली घेऊन राहतो. त्याने मठाकडे एक दीर्घ पत्र पाठविले. त्यात घरच्या शेतीत शिकलेल्या काही गोष्टी लिहून शेवटी तीन प्रश्न विचारले आहेत. पहिला : विद्यापीठात शिकतो ते ज्ञान, मग घरी शिकलो ते काय? दुसरा : घरी शिकलेले सारेच शहाणपण मानावे काय? तिसरा : वडील रानात राबत असता मी इथे पुस्तक घेऊन बसतो, तर माझे कायक कोणते? हे प्रश्न एकट्या त्याचे नाहीत. आपल्यापैकी कित्येक घरांतील मुले आज शिक्षणासाठी दूरदेशी आहेत. म्हणून या महिन्याचा वचनाभ्यास या प्रश्नांच्या अनुरोधाने करू.

प्रथम त्याने लिहिलेल्या गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट वापशाची. आपल्याकडील काळ्या रानात पाऊस पडून गेला की लगेच औत घालता येत नाही. ओल्या जमिनीत औत घातले तर माती दबते, तिचा चिखल होतो आणि पुढे वाळून दगडासारखी ढेकळे निघतात. फार वाळू दिली तर जमीन टणक होते, भेगाळते आणि फाळ चालत नाही. या दोहोंच्या मधली वेळ म्हणजे वापसा. या विद्यार्थ्याचे वडील पावसानंतर रानात जाऊन मूठभर माती घेतात, दाबतात आणि बोटाने हलकेच फोडून पाहतात. गोळा सुटला, माती बोटांना चिकटली नाही, की घरी येऊन म्हणतात, "उद्या औत काढायचं." वर्गात त्याने याचे शास्त्र शिकले. मातीच्या मोठ्या छिद्रांतील पाणी निचरून तेथे हवा येते आणि बारीक छिद्रांत पाणी टिकून राहते. मुळांना हवा आणि ओल दोन्ही मिळतात. त्याने लिहिले आहे, "वडिलांना हे शब्द माहीत नाहीत, पण त्यांचा दिवस सहसा चुकत नाही." त्याने आणखी एक महत्त्वाची गोष्ट नोंदविली आहे. ग्वाल्हेरकडील गाळाची जमीन आपल्या काळ्या जमिनीपेक्षा वेगळी. तेथे वडिलांची मूठ जशीच्या तशी लागू पडली नाही. तेथील शेतकऱ्यांकडून त्याला ती नव्याने शिकावी लागली.

दुसरी गोष्ट मुठीची. तिफणीने ज्वारी पेरताना वडील बैल हाकतात आणि आई मागून चाड्यावर मूठ धरते. मूठ सैल सुटली तर पीक दाट येऊन एकमेकांना खाते. घट्ट राहिली तर तासात खांडण्या पडतात. रब्बी ज्वारीला हेक्टरी १० किलो बियाणे लागते असे पुस्तकात आहे. त्याने आईच्या पेरणीचा हिशेब मांडला, तर एकरी चार किलोच्या आसपास आला. म्हणजे तेच प्रमाण. आईने वजनकाटा कधी लावला नव्हता.

तिसरी गोष्ट बियाण्याची. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपणा सर्वांना स्मरत असेल. त्या दुष्काळात या घरी धान्य उसने आणावे लागले. परंतु राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवलेली बियाण्याची ज्वारी आईने दळली नाही. हा त्या वेळी लहान होता. त्याने विचारले, "घरात ज्वारी असताना दुसऱ्याच्या दारात का जायचं?" आई म्हणाली, "ती आपली नाही बाळा, पुढल्या सालाची आहे."

आता शरणांकडे वळू. बाराव्या शतकात कल्याणात जे अनुभव मंटप भरले, त्यात आलेले शरण कोण होते? नुलिय चंदय्या दोर वळणारे, मेदार केतय्या बुरूडकाम करणारे, अंबिगर चौडय्या नावाडी, मडिवाळ माचय्या परीट. शेतकरीही होते. ओक्कलिग मुद्दण्णा यांच्या नावातील 'ओक्कलिग' याचा अर्थच शेतकरी. त्यांची मोजकीच वचने आज उपलब्ध आहेत. 'कामभीम जीवधनदोडेय' ही त्यांची अंकितमुद्रा. खुद्द अल्लमप्रभूंनी देहाला मळा मानून साधनेचे रूपक रचले आहे. या थोरांनी आपापल्या कामातील शब्द घेऊनच शिवतत्त्व सांगितले. नावाड्याने नाव आणि काठ सोडून शास्त्रार्थाची भाषा उसनी आणली नाही. हातातून गेलेले ज्ञान तेच खरे, असा शरणांचा दंडक होता. त्यांच्या परिभाषेत 'अरिवु' म्हणजे जाणीव आणि 'आचार' म्हणजे वर्तन. जाणीव वर्तनात उतरत नाही तोवर ती अपुरी. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, घरी शिकलास तेही ज्ञानच आहे. विद्यापीठाने त्याला कारण दिले, घराने त्याला हात दिला. कारण कळले म्हणून हात हलका ठरत नाही आणि हाताला जमते म्हणून कारण निरर्थक ठरत नाही. ग्वाल्हेरच्या मातीत वडिलांची मूठ चुकली तेव्हा कारण माहीत होते, म्हणूनच नवी मूठ लवकर साधली.

या तिन्ही गोष्टींत एकच तत्त्व आहे, ते म्हणजे प्रमाण. वापसा हे वेळेचे प्रमाण, चाड्यावरची मूठ हे देण्याचे प्रमाण आणि बियाण्याचे मडके हे घेण्याचे प्रमाण. आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा याच तत्त्वाची आहे. पंधराव्या शतकात संकलित झालेल्या शून्यसंपादनेत ती विस्ताराने येते. हे जोडपे रस्त्यावर सांडलेले तांदूळ वेचून त्यातून जंगमदासोह करीत असे. एके दिवशी मारय्यांनी बसवण्णांच्या महामनेच्या अंगणातून नेहमीपेक्षा अधिक तांदूळ वेचून आणले. लक्कम्माने ते पाहून पतीला जाब विचारला. गरजेपेक्षा अधिकाची आस राजेरजवाड्यांना शोभेल, शरणांना नव्हे, असा तिचा आशय होता. जास्तीचे तांदूळ जिथून आणले तिथेच परत टाकून या, असे तिने सांगितले आणि मारय्यांनी ते ऐकले.

येथे बारकाईने पाहा. लक्कम्माने जास्तीचे परत पाठविले, लातूरच्या त्या माउलीने मडक्यातले राखले. वरवर पाहता दोन्ही कृती उलट आहेत. परंतु दोघींचा निर्णय एकच होता, 'हे आपले नाही.' अधिक वेचलेले ते इतरांचे आणि बियाणे ते उद्याचे. जे आपले नाही त्याला, भूक लागली असतानाही, हात न लावणे हेच दासोहाचे मूळ होय. दासोह म्हणजे केवळ पंगत वाढणे नव्हे. पंगत वाढण्यापूर्वी आपल्या ताटाचे प्रमाण ठरविणे हा दासोहाचा पहिला भाग आहे. आणि ती राख पाहा. आपण कपाळी विभूती धारण करतो. त्या घरी राख बियाण्याला लागली, कीड दूर राहिली आणि पुढल्या वर्षीचे पीक वाचले. भस्मधारणेचा अर्थ याहून सोपा करून सांगणे कठीण आहे.

आता दुसरा प्रश्न. हा अवघड आहे आणि या विद्यार्थ्याने तो धैर्याने विचारला, याबद्दल त्याचे कौतुक केले पाहिजे. त्याने लिहिले आहे, "आमच्या गोठ्याच्या वळचणीला सालगड्याचा पेला वेगळा ठेवलेला असे. तोच मनुष्य वडिलांबरोबर एका तासात चालायचा, त्याच विहिरीवर राबायचा. पाणी मात्र वेगळ्या पेल्यातून. आजीला विचारले तर ती म्हणे, वाडवडिलांपासून असंच आहे. हेही घरचे शहाणपणच का?"

सद्भक्तहो, या प्रश्नाला बगल देता येणार नाही. उत्तर स्पष्ट आहे : नाही. हे शहाणपण नव्हे, हा केवळ वहिवाटीचा जोर आहे. वापसा हाही वाडवडिलांपासून आला आणि वेगळा पेलाही वाडवडिलांपासूनच आला. मग दोहोंत भेद कसा करावा? शरणांनी कसोटी दिली आहे. वापशाची परीक्षा दर पावसानंतर हातात माती घेऊन होते. चुकले तर पीक सांगते. पेल्याची परीक्षा कोणी केलीच नाही. तो नुसता ठेवला गेला. जे परीक्षेला उतरत नाही आणि समोरच्याला माणूसपणातून वजा करते, त्याला शरणांनी कितीही जुने असले तरी मान दिला नाही. मादार चेन्नय्या, डोहर कक्कय्या यांना बसवण्णांनी आपले आप्त मानले. कल्याणात मधुवरस आणि हरळय्या यांच्या मुलांचा विवाह झाला. एक कुळ ब्राह्मणाचे, दुसरे चर्मकाराचे. त्यापायी शरणांनी प्राणांचे मोल दिले. त्या शरणांचे नाव घेणाऱ्या आपल्या घरी वळचणीला दुसरा पेला असेल, तर गळ्यातील इष्टलिंगाला आपण काय उत्तर देणार? ज्याच्या घामाने आपले क्षेत्र पिकते, त्याचा देहही क्षेत्रच आहे. कंपू या शब्दाचे आज टोळके झाले. 'आपले' आणि 'परके' अशी रेघ ओढणाऱ्या भक्तसमुदायाचेही टोळके होण्यास वेळ लागत नाही.

या विद्यार्थ्याने पुढे लिहिले आहे की, मागच्या दिवाळीस घरी गेल्यावर त्याने तो पेला घरातल्या पेल्यांत मिसळून ठेवला. आजी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच सालगड्याला चहा दिला, कोणत्या पेल्यात ते पाहिले नाही. त्याने आजीशी वाद घातला नाही, हे येथे महत्त्वाचे. ओल्या रानात औत घालू नये, हे तो वडिलांकडून शिकला होता. मात्र वापशाची वाट पाहायची म्हणजे पेरणीच टाळायची नव्हे, हेही त्याने ओळखले होते. काम त्याने त्याच दिवशी केले, आजीच्या मनाला तेवढा वेळ दिला.

आता तिसरा प्रश्न, कायकाचा. कायकाला कैलासाचे स्थान देणाऱ्या शरणांनी अमुक काम श्रेष्ठ आणि अमुक कनिष्ठ असे कधी म्हटले नाही. कामात प्रामाणिक कष्ट हवेत आणि फळाचा वाटा समाजाला गेला पाहिजे, या दोनच अटी घातल्या. अध्ययन हेही कायक आहे, जर त्याला या दोन्ही अटी लागू होत असतील. केवळ पदवी मिळवून गावाकडे पाठ फिरविली, तर ते गरजेपेक्षा अधिक वेचलेले तांदूळ ठरतील. मातीचे जे शास्त्र शिकले ते वडिलांच्या बांधावर, शेजाऱ्याच्या बांधावर आणि त्या सालगड्याच्या तुकड्यावर सारखेच पोहोचविले, तर कंपूतील ती खोली हेही कल्याणच आहे. नोकरी कुठेही करावी, प्रश्न वाट्याचा आहे.

एका उपकाराचे स्मरण येथे अवश्य केले पाहिजे. दोर वळणाऱ्याचे, नावाड्याचे, शेतकऱ्याचे बोल आज आपल्या हाती आहेत ते कोणीतरी ताडपत्रांवर लिहिले, जपले आणि शोधले म्हणून. विजापूरचे फ. गु. हळकट्टी (१८८०–१९६४) पेशाने वकील. त्यांनी गावोगाव हिंडून वचनांच्या हस्तलिखित पोथ्या जमविल्या आणि १९२३ साली 'वचनशास्त्रसार' प्रसिद्ध केले. १९२६ साली 'शिवानुभव' हे नियतकालिक सुरू केले. छापखान्यासाठी स्वतःचे घर विकले. श्रमिकांचे बोल लिहून ठेवण्याच्या योग्यतेचे आहेत, ही श्रद्धा त्यामागे होती. ती श्रद्धा आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या बाबतीत आपणही ठेवावी.

मननासाठी व आचरणासाठी :

१. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या कामातील एक गोष्ट विचारावी, जी त्यांनी कोणत्याही पुस्तकात वाचली नाही. ती त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवावी.

२. घरातील ज्या रूढी 'वाडवडिलांपासून' म्हणून पाळतो, त्यांपैकी एक घेऊन विचारावे : ही परीक्षेला उतरली आहे, की नुसती ठेवली गेली आहे?

३. या महिन्यात मिळालेल्या वस्तूंपैकी 'हे आपले नाही' असे काय आहे, ते इष्टलिंगपूजेच्या वेळी मनाशी ठरवावे आणि ज्याचे त्याला पोहोचते करावे.

४. दूरगावी शिकणाऱ्या मुलांना पत्रातून किंवा दूरध्वनीवरून केवळ गुण विचारू नयेत. तेथील माती कशी आहे, माणसे कशी आहेत, हेही विचारावे.

क्षेत्र शुद्ध असो, मूठ प्रमाणात राहो आणि वापसा ओळखण्याची बुद्धी सर्वांना लाभो, हीच शिवचरणी प्रार्थना.

शरणु शरणार्थी.