नाटकाची पात्रयोजना : एका मंडळीचे जीवनक्रम

छापील नाटकाचे पुस्तक उघडले म्हणजे प्रारंभीच पात्रांची यादी आढळते. काही पुस्तकांत पात्राच्या नावासमोर पहिल्या प्रयोगात ते काम करणाऱ्या नटाचे किंवा नटीचे नावही दिलेले असते. विद्यार्थी बहुधा हे पान उलटून थेट पहिल्या प्रवेशाकडे धाव घेतात. आमच्या मते ते पान सावकाश वाचण्यासारखे असते. पात्राचे आयुष्य तिसऱ्या अंकाच्या शेवटी संपते. परंतु त्याच्या समोर लिहिलेल्या माणसाचे आयुष्य नाटकापूर्वी पुष्कळ वर्षे चाललेले असते आणि नाटकानंतरही चालत राहते. त्या आयुष्याचा शोध घेतला, तर अभिनय ही काय वस्तू आहे याचा उलगडा होऊ लागतो.

या विषयाकडे वळण्याचे कारण उघड आहे. स्नेहसंमेलनात एखादे काम चांगले वठले की, मुलास अथवा मुलीस नट व्हावेसे वाटू लागते. पालकांच्या मनात धास्ती उत्पन्न होते. मुलांस टाळ्या आठवतात, तर पालकांस पोटापाण्याची विवंचना दिसते. दोहोंपैकी कोणाचेही म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. म्हणून कोरडा उपदेश करण्यापेक्षा एक खरेखुरे नाटक घेऊन त्यातील मंडळींचे पुढे काय झाले ते पाहू या.

हे नाटक म्हणजे ‘आंधळ्यांची शाळा’. १ जुलै १९३३ रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात ‘नाट्यमन्वंतर’ या नव्या संस्थेने त्याचा पहिला प्रयोग केला. तो काळ रंगभूमीस मोठा कठीण होता. १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट आला. १९३२ साली प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलता केला. थोड्या पैशांत नाच, गाणे व संवाद पडद्यावर मिळू लागताच प्रेक्षक तिकडे वळले. मोठमोठ्या नाटक मंडळ्यांचा खर्च निघेना. कित्येकांची बिऱ्हाडे मोडली.

जुन्या रंगभूमीत दोषही साचले होते. प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. कथानक कोठे पोहोचले आहे हे न पाहता ‘वन्स मोअर’ पडला की तेच पद पुनःपुन्हा म्हटले जाई. रंगवलेले पडदे वरखाली होत व त्यांवरच राजवाडा अन् अरण्य पाहावयाचे. स्त्रियांची कामे बहुतेक मंडळ्यांत पुरुषच करीत. ‘नाट्यमन्वंतर’च्या संस्थापकांनी यांतील बहुतेक गोष्टी बदलावयाचे ठरविले. खऱ्या खोलीसारखा तीन भिंतींचा देखावा उभारला, पदांची संख्या मोजकी ठेवली, प्रसंगास साहाय्य करणारे पार्श्वसंगीत योजिले आणि स्त्रीभूमिका स्त्रियांकडे सोपविल्या. त्यापूर्वी स्त्रिया रंगमंचावर आल्याच नव्हत्या असे नाही. परंतु स्त्रीपुरुषांनी मिळून, घरगुती सामाजिक विषयावर, इतक्या नैसर्गिक रीतीने केलेले नाटक मराठी प्रेक्षकांस नवे होते. नाट्यदिग्दर्शन पार्श्वनाथ आळतेकर यांचे व संगीत केशवराव भोळे यांचे होते.

मूळ नाटक नॉर्वे देशातील. ब्यर्न्सन या लेखकाने ते १८८३ साली लिहिले. हा एका धर्मोपदेशकाचा मुलगा. १९०३ साली त्यास साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. नाटकातील तरुणीस कळते की, ज्याच्याशी आपला विवाह ठरला आहे त्याचे पूर्ववर्तन शुद्ध नाही. घरची माणसे तिची समजूत घालू लागतात की, पुरुषाचे एवढे मनावर घेऊ नये. ती मात्र तोच प्रश्न उलट विचारते : स्त्रीकडून जी शुचिता अपेक्षिली जाते ती पुरुषाकडून का अपेक्षू नये? ती त्याच्या तोंडावर आपला हातमोजा फेकते. यावरून मूळ नाटकास ‘हातमोजा’ हे नाव पडले. श्री. वि. वर्तक यांनी त्या नाटकास मराठी घराचा पोशाख चढविला. हा विषय आज वाचतानाही शिळा वाटत नाही, आणि तो आपल्या घरांना लागू नाही असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल काय, याची आम्हांस शंका आहे.

आता पात्रयोजनेकडे वळू. तीतील अनुभवाने सर्वांत मोठे नाव केशवराव दाते यांचे. त्यांचा जन्म १८८९ सालचा. विसाव्या वर्षाच्या आतच ते ‘महाराष्ट्र नाटक मंडळी’त शिरले. ही मंडळी गद्य नाटकांसाठी प्रसिद्ध होती. संगीत नाटकात एखादे भाषण पडले तरी पुढचे पद ते सावरून नेई. गद्य नाटकात तो आधार नाही. प्रत्येक वाक्याचा अर्थ, तोल व विराम नटानेच सांभाळावयाचा. त्या काळच्या रीतीप्रमाणे दात्यांनी आरंभी स्त्रीभूमिका केल्या, पुढे ते पुरुषभूमिकांकडे वळले. ‘आंधळ्यांची शाळा’ आले तेव्हा त्यांच्या मागे पाव शतकाची तपश्चर्या होती. वय चाळिशी ओलांडून गेले होते. या वयात पुष्कळ माणसे ‘आता नवे काय शिकावयाचे?’ असे म्हणून बसतात. दात्यांनी मात्र तरुणांच्या संगतीने नव्या पद्धतीच्या तालमी केल्या.

त्याचे फळ पुढल्याच वर्षी दिसले. १९३४ साली प्रभातच्या ‘अमृतमंथन’ या बोलपटात त्यांनी राजगुरूचे काम केले. नरबळीची चाल बंद करणाऱ्या राजाविरुद्ध कट करणारा तो धर्मवेडा गुरू. हाच बोलपट हिंदीतही निघाला व तेथे ते काम चंद्रमोहन यांनी केले. १९३७ साली ‘कुंकू’ आला. त्यात दात्यांनी काकासाहेब हा वृद्ध वकील रंगविला. उतारवयात तो एका तरुण मुलीशी लग्न करतो; ती हा अन्याय मुकाट्याने सोशीत नाही; आणि अखेर त्याची चूक त्यालाच उमगते. हे काम वरवर दुष्टाचे आहे. दात्यांनी ते असे केले की, प्रेक्षकांस त्या म्हाताऱ्याचा राग येतो व कीवही येते. पुढे १९४१ सालच्या ‘शेजारी’त ते जिवबा पाटील झाले. १९५५ सालच्या ‘झनक झनक पायल बाजे’ या रंगीत चित्रपटात त्यांनी नृत्यगुरूचे काम केले, तेव्हा ते पासष्टी ओलांडून गेले होते. १९७१ साली त्यांचे देहावसान झाले.

रंगभूमीवरचा नट पडद्यावर आला म्हणजे त्यास काय बदलावे लागते, हे विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावे. नाटकगृहात शेवटच्या ओळीत बसलेल्या मनुष्यास शब्द ऐकू गेला पाहिजे व हातवारा दिसला पाहिजे. म्हणून आवाज व अंगविक्षेप मोठे ठेवावे लागतात. कॅमेरा नटाच्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर येतो. तेथे भुवईची हालचालही मोठी वाटते. शिवाय नाटक आरंभापासून शेवटपर्यंत सलग चालते, तर चित्रपटात शेवटचा प्रसंग आधी व पहिला प्रसंग नंतर घेतला जाणे नेहमीचे. भावनेचा धागा नटाने स्वतःच्या मनात सांभाळावा लागतो. दात्यांस हे साधले, कारण त्यांचा संयम रंगभूमीवरच कमावलेला होता.

दुसरे नाव ज्योत्स्ना भोळे यांचे. यांचा जन्म ११ मे १९१४ रोजी गोव्यातील बांदिवडे गावचा. माहेरचे नाव दुर्गा केळेकर. लहानपणीच त्या मुंबईस आल्या व गायनाचे शिक्षण घेऊ लागल्या. १९३२ साली केशवराव भोळे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि दुसऱ्याच वर्षी त्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये उभ्या राहिल्या. वय अवघे एकोणीस. याच नाटकात पद्माबाई वर्तक यांनीही काम केले. नाटकात काम करणाऱ्या स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाही, हे त्या काळच्या वाचकांस सांगावे लागत नसे. आजच्यांस मात्र सांगितले पाहिजे. स्त्रीच्या सन्मानाविषयी भाषण करणारी नायिका पुरुषाने लुगडे नेसून रंगविली असती, तर ते भाषण अर्धे फुकट गेले असते. या दोघींनी लोकांच्या बोलण्याची पर्वा केली नाही म्हणून नाटकाचे म्हणणे खरे ठरले.

ज्योत्स्नाबाईंचा मार्ग पुढे रंगभूमीवरच राहिला. मो. ग. रांगणेकर यांनी काढलेल्या ‘नाट्यनिकेतन’ या संस्थेच्या ‘कुलवधू’ नाटकात, १९४२ साली, त्यांनी भानुमती साकारली. ही भानुमती चित्रपटात काम करून स्वतः मिळवती झालेली विवाहिता. पत्नीचे नाव व मिळकत पतीच्या अभिमानास कशी बोचते, हे त्या नाटकात दाखविले आहे. नऊ वर्षांपूर्वी ज्या प्रश्नावर त्या प्रथम बोलल्या त्याचेच हे दुसरे अंग नव्हे काय? भावगीते गाणाऱ्या म्हणूनही त्यांचे नाव घरोघर पोहोचले. २००१ साली त्या निवर्तल्या.

यादीत जी नावे नटांच्या रकान्याबाहेर असतात, त्यांच्याकडेही दृष्टी टाकली पाहिजे. केशवराव भोळे पुढे प्रभातमध्ये गेले. ‘संत तुकाराम’ (१९३६) व ‘कुंकू’ यांचे संगीत त्यांचे. ‘कुंकू’मध्ये वाद्यांचे पार्श्वसंगीत टाळून घरातील व रस्त्यावरील नैसर्गिक आवाजांनीच काम भागविले, ही गोष्ट ऐकण्याजोगी आहे. संस्थापकांपैकी के. नारायण काळे यांनी प्रभातसाठी ‘वहाँ’ (१९३७) व ‘माझा मुलगा’ (१९३८) हे चित्रपट दिग्दर्शित केले, आणि अभिनयशास्त्राचा अभ्यास अखेरपर्यंत सोडला नाही. अनंत काणेकर अध्यापन व लेखन करीत राहिले. इब्सेनच्या प्रसिद्ध नाटकावरून त्यांनी ‘घरकुल’ लिहिले. आळतेकरांनी नवशिक्यांस नाट्यशिक्षण देण्यात आपले श्रम वेचले.

आणि ‘नाट्यमन्वंतर’? ती संस्था फार टिकली नाही. दोनतीन वर्षांतच तिचे कार्य थांबले. हिशेबाच्या वहीत पाहिले तर तिला अपयशच म्हणावे लागेल. परंतु तिच्यातील एकेक मनुष्य जेथे गेला तेथे तिने शिकविलेले घेऊन गेला : स्वाभाविक बोलणे, मोजके संगीत, स्त्रीस तिचे स्थान. संस्था मिटली, विद्या मिटली नाही. शाळेचेही असेच असते, हे आम्हां शिक्षकांस अनुभवाने ठाऊक आहे.

याच काळातील दुसरे एक उदाहरण तोलून पाहावे. बालगंधर्वांएवढे लोकप्रेम मराठी रंगभूमीवर क्वचितच कोणास लाभले असेल. स्त्रीभूमिकांत त्यांचा हात धरणारा नव्हता. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त त्यांनी संत एकनाथांचे काम केले, परंतु तो सहयोग त्या एका चित्रपटापुढे गेला नाही आणि ते पुन्हा रंगभूमीकडे परतले. यात त्यांच्या थोरवीस उणेपणा येत नाही. एवढेच दिसते की, एका माध्यमातील सिद्धी दुसऱ्यात आपोआप उतरत नाही. आणि दैवी देणगीच्या माणसासही काळ बदलल्याचा चटका बसतो.

यावरून पालकांस आमचे सांगणे असे. नटाची मिळकत अनिश्चित असते, ही तुमची भीती खरी आहे. मोठमोठ्या मंडळ्या एका बोलपटाच्या लाटेत बुडाल्या. मुलास दुसरे काही येत नसेल तर त्यास या व्यवसायात लोटू नये. परंतु अभिनय हा पोरखेळ आहे किंवा मुलीच्या अब्रूस धक्का आहे, असे म्हणून ती विद्या नाकारूही नये. स्पष्ट उच्चार, पाठांतर, दुसऱ्याच्या मनात शिरण्याची सवय आणि चार माणसांबरोबर शिस्तीने काम करणे, या गोष्टी वकिलास, परिचारिकेस व शिक्षकासही उपयोगी पडतात.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एवढेच सुचवितो. पुढल्या वेळी नाटक वाचाल किंवा चित्रपट पाहाल तेव्हा पात्रांच्या यादीतील एकच नाव निवडा. तो माणूस यापूर्वी कोठे व कोणाजवळ शिकला, त्याने पहिले काम कोणते केले, या कामानंतर काय केले, हे ग्रंथालयात शोधून वहीत चार ओळी लिहा. मुख्य पात्रच निवडले पाहिजे असे नाही. दोन वाक्ये बोलून जाणाऱ्या गड्याचे काम करणाराही चालेल. अशी दहा नावे झाली की, टाळ्या किती वेळ वाजल्या याची चौकशी तुम्ही कराल न कराल. तालीम किती वर्षे चालली होती हे मात्र विचारल्यावाचून राहणार नाही.