पहाटेची धाव : एकांताचा अभ्यास



मराठीत 'विवेक' म्हणजे बरे-वाईट निवडण्याची बुद्धी. पालीमध्ये मात्र 'विवेक' या शब्दाचा अर्थ एकांत, अलिप्तता असा आहे. त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. शरीराने गर्दीपासून दूर होणे हा कायविवेक, मनाने विकारांपासून दूर होणे हा चित्तविवेक आणि सर्व आसक्तीचा अंत हा उपधिविवेक. तिसरा निर्वाणाचा विषय आहे. पहिले दोन आपल्यासारख्या संसारी माणसांना कसे साधतील, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

आपली घरे लहान, माणसे जास्त. एकांत आणावा कोठून? याचे उत्तर बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत सापडते. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत होते. वडील रामजी त्यांना रात्री दोनच्या सुमारास उठवीत आणि सारे झोपलेले असताना ते अभ्यासाला बसत. खोली तीच, पण वेळ बदलली आणि तिची अभ्यासिका झाली. ज्यांना जागेत एकांत मिळत नाही, त्यांनी तो वेळेत शोधावा, हा त्यातील धडा आहे.

हा धडा मी उशिरा शिकलो. काही वर्षांपूर्वी बँकेच्या काउंटरवर एका वृद्ध पेन्शनर गृहस्थांवर मी विनाकारण ओरडलो. त्यांनी पासबुक उचलले आणि एक शब्दही न बोलता ते निघून गेले. दिवसभर रांगेसमोर, संध्याकाळी घरच्या गोंगाटात. स्वतःकडे पाहण्यास मला घटकाभरही मिळत नव्हती. त्याच आठवड्यात मी पहाटे पाचला उठून धावू लागलो.

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, माझा मार्ग ठरलेला आहे. नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालय १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सुरू केले. तेथून पुढे विद्यापीठ लागते. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले, त्यामागे अनेकांचे बलिदान आहे. विद्यापीठामागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, त्यांतील बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातील. लेण्यांच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत पूर्व उजळू लागते.

प्रारंभी वाटले, माणसे मागे राहिली की मन शांत होईल. तसे झाले नाही. पाय धावत होते आणि डोक्यात काउंटरच चालू होता. तेव्हा भिक्खू मेघियाची आठवण झाली. किमिकाला नदीकाठचे रम्य आम्रवन पाहून, तथागतांनी थांबण्यास सांगितले असतानाही, तो एकटा ध्यानाला गेला. तेथे काम, द्वेष आणि हिंसेचे विचारच त्याला घेरू लागले. परत आल्यावर तथागतांनी त्याला पाच गोष्टी सांगितल्या. त्यांत पहिली होती कल्याणमित्राची संगत. कायविवेक म्हणजे चित्तविवेक नव्हे, आणि एकांत हा माणसांपासून पळण्याचा मार्गही नव्हे.

मग मी विचारांशी भांडणे सोडले. श्वास, पावलांचा आवाज आणि भोवतालचा निसर्ग यांकडे लक्ष देऊ लागलो. अंधार असतानाच कोतवाल पक्षी बोलू लागतो. माळावरून टिटवी ओरडत जाते. फाल्गुनात पानगळ झालेल्या कडुनिंबाला तांबूस पालवी फुटते, पुढे मोहराचा मंद वास रस्ताभर पसरतो. उन्हाळ्यात करपलेला डोंगर आषाढात हिरवा होतो. अनित्यता आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकतो. येथे ती डोळ्यांना दिसते, आणि आपला रागही असाच येणारा-जाणारा आहे हे पटते.

अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे, म्हणजे सजगपणे चालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, परिश्रम सोसवतात, आजार कमी होतात, अन्न नीट पचते आणि त्यातून लाभलेली समाधी दीर्घकाळ टिकते. पण अतिरेक नको. सोण नावाच्या भिक्खूने चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून घेतले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला समजावले की तार फार ताणली तरी सूर लागत नाही आणि सैल सोडली तरी लागत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) आधी पंधरा दिवस नुसते चालावे. हृदयविकार वा अन्य आजार असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.
२) मोबाइल फोन हाती घेऊ नये. कानात गाणी नकोत.
३) अंधारात फिकट रंगाचे कपडे घालावेत. वाहने समोरून दिसतील अशा बाजूने जावे.
४) भगिनींना एकटे जाणे सुरक्षित वाटत नसेल, तर दोघी-तिघींनी मिळून जावे, मात्र मौन पाळावे.
५) परतल्यावर दहा मिनिटे शांत बसावे. विद्यार्थ्यांनी लगेच पुस्तक उघडावे. त्या वेळचे वाचलेले लक्षात राहते.

एकांताची परीक्षा मात्र डोंगरात होत नाही, ती सकाळी अकराच्या रांगेत होते. माझा आवाज आता क्वचितच चढतो, पण चढतो. ते वृद्ध गृहस्थ आजही माझी रांग टाळून शेजारच्या काउंटरवर उभे राहतात. त्यांना उठून नमस्कार करण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही. ते होईल त्या दिवशी माझ्या पहाटेच्या धावण्यातून काही साधले असे मी समजेन.

नमो बुद्धाय! जय भीम!