गिझरला घड्याळ लावताना



आपल्या खानदेशात गाळप हंगाम आणि थंडी एकदमच येतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि तोच मुलूख डिसेंबर-जानेवारीत असा गारठतो की धुळ्याला काही रात्री पारा १० अंशांच्याही खाली उतरतो. पहाटे चारच्या पाळीला निघणारा कामगार, ऊसतोडीवर जाणारा शेतकरी, सकाळच्या एस.टी.ने कॉलेज गाठणारी मुले, या सर्वांच्या आधी घरात कोणीतरी उठते आणि पाणी तापवते. ते कोणीतरी म्हणजे बहुतेक घरांत घरची माउलीच.

पूर्वी हे काम तांब्याचा बंब करी. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या घातल्या की अर्ध्या तासात घरभराचे पाणी होई. आता पुष्कळ घरांत विजेचा गिझर आला आहे. धूर गेला, पण बिल आले. त्यावर उपाय म्हणून हल्ली गिझरला टायमर, म्हणजे ठरल्या वेळी चालू-बंद करणारे घड्याळ, लावण्याची टूम निघाली आहे. सभासद विचारतात, "भाऊ, हाई यंत्र कामनं शे का?" कामाचे आहे. पण किती कामाचे, आणि कुठे त्याच्यावर विसंबू नये, हे समजून घेऊनच ते भिंतीवर लावावे.

१. गिझर वीज कुठे खातो

गिझरची वीज दोन ठिकाणी जाते. पहिली, पाणी तापवण्यात. हिवाळ्यात टाकीतले पाणी १८ अंशांवर असते. १५ लिटर पाणी १८ वरून ६० अंशांवर न्यायचे, तर सुमारे पाऊण युनिट वीज लागते. २००० वॅटचा गिझर हे काम २२ मिनिटांत करतो. ही वीज टळत नाही. घड्याळ लावा वा न लावा, पाणी तापायला तेवढी लागणारच.

दुसरी वीज जाते ती तापलेले पाणी तापलेले ठेवण्यात. गिझरच्या पोटात कापसासारखे आवरण असते, तरी उष्णता हळूहळू बाहेर झिरपते. पाणी थोडे निवले की थर्मोस्टॅट पुन्हा वीज सुरू करतो. रात्रभर कोणी नळ उघडला नाही तरी हा खेळ चालूच राहतो. गिझरच्या तारांकित लेबलवर २४ तासांत किती युनिट अशी वाया जाते, ते छापलेले असते. तो आकडा ४५ अंशांच्या फरकासाठी असतो. बाहेर १५ आणि पाणी ६०, म्हणजे आपल्या हिवाळ्याचाच तो फरक झाला. टायमर वाचवतो ती हीच वीज, दुसरी नाही.

२. गळका रांजण

इथे एक शंका हमखास निघते. "बंद करून पुन्हा गार पाणी तापवायचे, म्हणजे उलट जास्त वीज लागेल. त्यापेक्षा चालूच ठेवलेला बरा." हे खरे वाटते, पण खरे नाही.

गळका रांजण डोळ्यांपुढे आणा. रांजण काठोकाठ भरलेला असला की भोकातून पाणी जोरात गळते, अर्धा रिकामा झाला की गळती मंदावते. आता रात्रभर तो सतत भरत राहून काठोकाठ ठेवायचा, की पहाटे गरजेपुरता एकदा भरायचा? दुसऱ्या रीतीने पाणी कमी लागते, हे पोरसुद्धा सांगेल. उष्णतेचेही तसेच. पाणी जितके गरम तितकी गळती मोठी. निवत गेले की गळती कमी. म्हणून पहाटे एकदा तापवणे हे रात्रभर गरम राखण्यापेक्षा नेहमी स्वस्तच पडते. आपल्या कारखान्यातही हंगाम संपल्यावर बॉयलर पेटता ठेवून पुढच्या दिवाळीची वाट पाहत नाहीत.

३. हिशेब मांडून पाहू

समजा लेबलवर ०.८ युनिटचा आकडा आहे. गिझर चोवीस तास चालू ठेवणाऱ्या घरात रोज तेवढी वीज फुकट जाते. टायमरने पहाटे तासभर चालवला आणि पाणी लगेच वापरून टाकले, तर त्यातली साधारण ०.७ युनिट वाचते. महिन्याला २१ युनिट. हिशेबाला सोपा म्हणून युनिटला ८ रुपये धरले, तर महिन्याला १६८ रुपये आणि थंडीच्या चार महिन्यांत ६७० च्या आसपास. गिझर जुना, आवरण ओले झालेले असेल तर याहून जास्त. शिवाय १०० युनिटांच्या पुढच्या प्रत्येक युनिटला महावितरणचा दर चढा लागतो. ज्यांचे बिल या सीमेवर घुटमळते, त्यांना ही २१ युनिटे अधिक जाणवतील.

मात्र ज्या घरी गिझर आंघोळीपुरताच लावतात आणि आठवणीने बंद करतात, तिथे टायमर जवळजवळ काहीच वाचवत नाही. विसराळू घराला तो फायद्याचा. दक्ष घराला त्याचा उपयोग एवढाच की पहाटे उठून बटण दाबणाऱ्या बाईला अर्धा तास जास्त झोप मिळते. आम्हांला विचाराल तर हा फायदाही लहान समजू नये.

दुपारच्या सवलतीचेही थोडे सांगतो. स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतील विजेवर युनिटला ८० पैशांपासून १ रुपयापर्यंत सवलत जाहीर झाली. त्याचे कारण सरळ आहे. दिवसा सूर्याची वीज मुबलक असते. आपल्याच साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. मग संध्याकाळी सातच्या आंघोळीचे पाणी साडेचारलाच तापवून ठेवावे काय? पाऊण युनिटवर सवलत मिळेल साठ पैसे, आणि अडीच तासांत गळून जाईल सुमारे ०.०८ युनिट, म्हणजे पासष्ट पैसे. आले तसे गेले! शेतातून आल्याबरोबर पाचला आंघोळ करणाऱ्यालाच यात लाभ आहे. आपल्या भागात ही सवलत कशी लागू आहे, ते चालू बिलावर पाहून मगच वेळ ठरवावी.

४. कोणता टायमर घ्यावा

बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला, फिरत्या तबकडीचा, ज्यात पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्या दाबून वेळ लावतात. दुसरा, आकडे दाखवणारा डिजिटल, ज्यात छोटी बॅटरी असते. तिसरा, मोबाईलवरून चालणारा. प्रकार कोणताही घ्या, पण त्यावरचा अँपिअरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

२३० व्होल्टवर २००० वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर ओढतो, ३००० वॅटचा १३ अँपिअर. दिव्याच्या माळेसाठी केलेला ६ अँपिअरचा टायमर याला लावला तर आतले पॉइंट तापतात, प्लास्टिक वितळते आणि पहाटे घर झोपेत असताना आग लागू शकते. म्हणून १६ अँपिअरचाच टायमर, १६ अँपिअरचे सॉकेट, निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि गिझरसाठी स्वतंत्र एम.सी.बी. असावा. टायमर न्हाणीघरात लावू नये, वाफ जाणार नाही अशा बाहेरच्या भिंतीवर लावावा.

बादलीत सोडायच्या रॉडला टायमर कधीही, कोणत्याही कारणाने लावू नका. बादलीत पाणी आहे की नाही हे घड्याळाला कळत नाही, आणि अंधारात कोण बादलीत हात घालील हेही कळत नाही.

ज्यांच्याकडे सोलर वॉटर हीटर आहे आणि ढगाळ दिवसासाठी टाकीत विजेची कॉइल आहे, त्यांना मात्र टायमर फार उपयोगी. कॉइल रात्रभर चालली तर सकाळी टाकी आधीच गरम असते, मग सूर्याने काय तापवायचे? कॉइल पहाटे आंघोळीआधी तासभरच चालू द्यावी.

५. लाईट गेली की घड्याळ चुकते

आता आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आम्ही तबकडीचा टायमर लावला होता. पहाटे पाच ते सहा गिझर चालू, पुढे बंद. दोन महिने बिनतक्रार चालला. एका जानेवारीच्या रात्री लाईट गेली ती दीड तासाने आली. तबकडी विजेवरच फिरणारी, तीही दीड तास थांबली आणि तेवढीच मागे पडली. सहा वाजता वडील आंघोळीला गेले तर पाणी गार. थोडा वेळ थांबून, आधीच्या दिवसाचे कोमट पाणी असेल ते घ्यावे म्हणून साडेसहानंतर पुन्हा गेले. नळाला हात लावला आणि मुंग्या आल्यासारखा झटका बसला. पायात रबरी चप्पल होती म्हणून तेवढ्यावर निभावले.

वायरमनने उघडून पाहिले. आतल्या कॉइलवर बोअरच्या पाण्याच्या क्षारांचा जाड थर बसून ती तडकली होती, आणि अर्थिंगची तार ढिली होती. म्हणजे दोष आधीपासून होताच. पण दोन महिने आंघोळीच्या वेळी टायमरने वीज तोडलेली असे, म्हणून तो झाकून राहिला. घड्याळ दीड तास मागे पडले आणि आंघोळीच्या ऐन वेळी गिझर चालू राहिला. आम्ही सगळे "सहाला बंद होतोच" या भरवशावर होतो.

यातून आम्ही शिकलो ते असे. तबकडीचा टायमर घ्यायचा तर लाईट गेल्यावरही चालत राहणारा घ्यावा, नाहीतर बॅटरीचा डिजिटल घ्यावा. आणि टायमर कोणताही असो, न्हाणीघरात पाऊल ठेवण्यापूर्वी गिझरचे बटण हाताने बंद करावे. बटणाजवळ खडूने लिहून ठेवले तरी चालेल. घरातल्या लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सर्वांना ही सवय हवी.

६. पाळी लावून घेऊ

लाईट गेली नाही तरी दाब कमी होतो, हा आपला नेहमीचा अनुभव. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर २००० वॅटचा गिझर जेमतेम १२०० वॅटचे काम करतो. २२ मिनिटांच्या जागी ३६ मिनिटे लागतात. म्हणून टायमरची वेळ अगदी घट्ट लावू नये, थोडी सैल ठेवावी. पाणी तापल्यावर थर्मोस्टॅट वीज तोडतोच.

पण दाब कमी का होतो, याचाही विचार करावा. ६३ केव्हीएच्या डीपीवरच्या तीस घरांनी सकाळी सहाला एकदम गिझर लावले तर ६० किलोवॅटचा भार एकट्या गिझरांचा झाला. विहिरीवरच्या मोटारींना सगळ्यांनीच ऑटो लावला की वीज येताच साऱ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी जळते, हे आपण पाहिलेले आहे. गावभर टायमर लागले आणि सर्वांनी पाचचाच काटा धरला तर तीच गत होईल.

याचे उत्तर आपल्याच मातीत आहे. पांझरा नदीच्या काठी शेकडो वर्षे फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याचे पाणी थोडे, शेते पुष्कळ. म्हणून पाटकरी पाळीने पाणी सोडी आणि शेवटच्या शेतालाही त्याचा वाटा मिळे. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी असेच बसून ठरवावे. कोणी साडेचार, कोणी पाच, कोणी साडेपाच. टायमर हा प्रत्येक घरचा पाटकरी समजावा. याला खर्च काही नाही, आणि दाब सर्वांनाच बरा मिळेल.

७. हंगामापूर्वी एवढे करावे

दिवाळीच्या आसपास, गिझर लावण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच, म्हणजे आर.सी.सी.बी., नसेल तर आधी तो बसवावा, टायमर मागाहून घ्यावा. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर ती वस्तू हीच. कॉइलवरचे क्षार वर्षातून एकदा काढावेत, कारण आपल्याकडे बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड आहे. जादा दाब सोडणारी झडप मोकळी आहे ना, ते पाहावे. तिच्यातून पाणी ठिबकते म्हणून तिचे तोंड कधीही बंद करू नये. आणि होळी झाली की टायमर काढून गिझर बंदच करावा. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरची टाकीच आपल्याला गरम पाणी देते, ते गार कसे करावे एवढाच प्रश्न उरतो.

बंधू-भगिनींनो, टायमर हा चांगला गडी आहे. सांगितलेल्या वेळी उठतो, कुरकुर करत नाही, महिन्याला शे-दीडशे रुपयेही वाचवतो. पण तो राखणदार नव्हे. राखण अर्थिंगने करायची, आर.सी.सी.बी.ने करायची, आणि शेवटी आपल्या स्वतःच्या हाताने बटण बंद करून करायची. तेवढे सांभाळून खुशाल घड्याळ लावा, आणि पहाटे अर्धा तास घरच्या माउलीला निजू द्या.