वन्यजीव छायाचित्रण : कॅमेरा आणि टेलिफोटो लेन्सची निवड

नांदेडच्या उत्तरेस वसलेले अर्धापूर केळीच्या बागांसाठी आणि हळदीच्या पिकासाठी सर्वपरिचित आहे. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या पाण्याने या भागातील शेतीला मोठा आधार दिला. मराठवाड्याच्या शेतशिवारात माणसाच्या सोबतीने वन्यजीवही नांदत आले आहेत. रोही, काळवीट, रानडुक्कर, कोल्हा, मोर हे शेतकऱ्याच्या नित्य पाहण्यातले प्राणी होत. नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगा अभयारण्य आहे. गोदावरीवरील जायकवाडी जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य म्हणून घोषित आहे. मात्र डोळ्यांना परिचित असलेल्या या संपत्तीची गावपातळीवरील नोंद अजूनही तोकडी आहे.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. गावातील वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीचे लोकज्ञान नोंदवहीत उतरविणे हे या समितीचे प्रमुख कार्य होय. शाळांमधूनही ५ ते १२ नोव्हेंबर या पक्षी सप्ताहात निरीक्षणाचे उपक्रम घेतले जातात. अशा नोंदीला छायाचित्राची जोड मिळाली, तर प्राण्याची ओळख जाणकाराकडून पडताळून घेता येते. म्हणूनच एखादी शाळा, समिती किंवा हौशी शिक्षक कॅमेरा घेण्याचा विचार करतात. रक्कम बेताची असते आणि खरेदी पुन्हा पुन्हा होणारी नसते. अशा वेळी बहुतेकांचे लक्ष प्रथम कॅमेऱ्याच्या बॉडीकडे जाते. वन्यजीवांच्या बाबतीत विचाराचा आरंभ लेन्सपासून, आणि त्याहीपूर्वी अंतरापासून व्हावयास हवा.

अंतराचे गणित

सेन्सरवर उमटणाऱ्या प्रतिमेचा आकार साध्या त्रैराशिकाने काढता येतो. प्राण्याच्या उंचीला लेन्सच्या नाभीय अंतराने गुणावे आणि प्राण्यापर्यंतच्या अंतराने भागावे. पूर्ण वाढलेल्या काळविटाची खांद्यापर्यंतची उंची सुमारे ८० सेंटिमीटर असते. तो ६० मीटरवर उभा असेल आणि लेन्स ४०० मिलिमीटरची असेल, तर सेन्सरवर त्याची उंची सुमारे ५.३ मिलिमीटर भरते. लेन्स २०० मिलिमीटरची असेल, तर ती निम्मी, म्हणजे सुमारे २.७ मिलिमीटर होते. लहान लेन्सने तेवढेच मोठे चित्र मिळवावयाचे, तर ३० मीटरपर्यंत जवळ जावे लागेल. आणि उघड्या रानातील काळवीट तितका वेळ क्वचितच थांबतो.

हाच हिशेब पक्ष्याला लावून पाहावा. वीतभर लांबीचा, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटरचा पक्षी १५ मीटरवर असेल, तर ४०० मिलिमीटरच्या लेन्सने त्याचीही प्रतिमा ५.३ मिलिमीटरच उमटते. यास्तव मोठ्या प्राण्यांसाठी ३०० मिलिमीटर कसेबसे पुरते, तर पक्ष्यांसाठी ४०० ते ६०० मिलिमीटरची आवश्यकता भासते.

अंतराचा हा प्रश्न जुनाच आहे. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी फ्रेडरिक चॅम्पियन यांचा वाघांच्या छायाचित्रांचा ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. वाटेवर बांधलेल्या तारेला वाघाचा पाय लागताच रात्री प्रकाश पडून छायाचित्र निघावे, अशी त्यांची योजना होती. जवळ होता तो कॅमेरा. माणूस दूरच राहत असे. देशातील व्याघ्रगणनेत २००६ पासून वापरात असलेले स्वयंचलित कॅमेरे याच तत्त्वावर आधारलेले आहेत.

प्रकाश आणि किंमत

नाभीय अंतरानंतर विचार करावयाचा तो लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे अॅपर्चरचा. एफ/२.८ या आकड्याचा अर्थ असा की, छिद्राचा व्यास नाभीय अंतराच्या २.८ व्या हिश्शाएवढा आहे. ४०० मिलिमीटरच्या लेन्ससाठी हा व्यास सुमारे १४३ मिलिमीटर होतो; एफ/५.६ साठी तो ७१ मिलिमीटर पुरतो. एवढी मोठी काच घडविणे खर्चाचे असल्याने पहिल्या प्रकारच्या लेन्सची किंमत लाखांच्या घरात जाते आणि तिचे वजनही ३ किलोग्रॅमच्या आसपास भरते.

एफ/५.६ ची लेन्स एफ/२.८ च्या मानाने चतुर्थांश प्रकाश आत घेते. जेथे मोठ्या छिद्राने सेकंदाच्या हजाराव्या भागात चित्र घेता येते, तेथे लहान छिद्राला अडीचशेवा भाग लागतो, किंवा आयएसओ चौपट वाढवावा लागतो. दाट जंगलात पहाटे किंवा तिन्हीसांजेला काम करणाऱ्याला हा फरक जाणवतो. मराठवाड्यातील माळ, शेत आणि तलाव हे मात्र उघड्या आकाशाखालील प्रदेश आहेत. सूर्य थोडा वर आला की एफ/५.६ किंवा एफ/६.३ च्या लेन्सलाही पुरेसा उजेड मिळतो. म्हणून १०० ते ४०० किंवा १५० ते ६०० मिलिमीटर या पल्ल्याच्या झूम लेन्स येथील कामास सोयीच्या ठरतात. त्यांचे वजन साधारणतः दीड ते दोन किलोग्रॅम असते.

लेन्सची लांबी वाढविणारा टेलिकन्व्हर्टरही मिळतो. १.४ पटीचा कन्व्हर्टर प्रकाश निम्मा करतो, तर दुपटीचा कन्व्हर्टर तो चतुर्थांशावर आणतो. मुळातच लहान छिद्राच्या लेन्सला तो जोडणे सहसा हिताचे नसते.

बॉडीची निवड

बॉडीत पाहावयाची पहिली गोष्ट म्हणजे सेन्सरचा आकार. फुलफ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी प्रकारचा सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटरचा, तर काही कंपन्यांचा याहून किंचित लहान असतो. वर सांगितलेली ५.३ मिलिमीटरची काळविटाची प्रतिमा फुलफ्रेमच्या उंचीचा पाचवा हिस्सा व्यापते, तर एपीएस-सीच्या उंचीचा तिसरा हिस्सा. येथे प्रतिमा मोठी होत नाही. भोवतालची चौकट लहान होते. तथापि फुलफ्रेमवरील २४ मेगापिक्सेलचे चित्र याच चौकटीएवढे कापले, तर सुमारे साडेदहा मेगापिक्सेलच हाती उरतात. २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी कॅमेरा प्राण्याचे तेच अंग अधिक तपशिलाने टिपतो आणि त्याला किंमतही कमी पडते. फुलफ्रेमचे खरे सामर्थ्य मंद प्रकाशात दिसून येते.

दुसरी बाब स्वयंचलित फोकसची. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांपैकी अनेक कॅमेरे प्राण्याचा किंवा पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतात आणि आवाज न करता चित्र घेऊ शकतात. भित्र्या प्राण्यांपाशी या शांततेचे मोल मोठे आहे. जुने डीएसएलआर कॅमेरे वापरलेल्या स्थितीत स्वस्त मिळतात; त्यांची बॅटरी अधिक काळ टिकते आणि शिकण्यासाठी ते आजही उपयुक्त आहेत. वापरलेली लेन्स घेताना मात्र ती विजेरीच्या उजेडात आरपार पाहून आत बुरशीचे जाळे नसल्याची खात्री करावी.

ज्या शाळेला बॉडी व लेन्स असा स्वतंत्र खर्च झेपणार नाही, तिच्यासाठी न बदलणाऱ्या झूम लेन्सचे ब्रिज कॅमेरे आहेत. २०१५ मध्ये आलेल्या निकॉन पी९०० या कॅमेऱ्याचा दृष्टिपल्ला फुलफ्रेमच्या हिशेबाने २४ ते २००० मिलिमीटर होता. अशा कॅमेऱ्यांचा सेन्सर फार लहान असल्याने मंद प्रकाशातील चित्र रवाळ येते. परंतु तलावाकाठच्या पक्ष्याची ओळख पटविण्यास ते पुरेसे होते. पिकाच्या नुकसानीचे छायाचित्र घ्यावयाचे असेल, तर साधा मोबाईल पुरतो. त्या कारणासाठी टेलिफोटो लेन्सची खरेदी करू नये.

स्थैर्य, हवामान आणि निगा

लांब लेन्समध्ये हाताची थोडीशी थरथरही मोठी होऊन उमटते. ४०० मिलिमीटरसाठी शटरचा वेग किमान १/४०० सेकंद, आणि एपीएस-सी बॉडीवर १/६०० सेकंद असावा, असा ढोबळ नियम आहे. लेन्समधील स्थिरीकरण हाताचा कंप आवरते, प्राण्याची हालचाल थांबवीत नाही. धावत्या काळविटासाठी १/१००० किंवा त्याहून अधिक वेग लागतो. तिपाई, किंवा बांधावर ठेवलेली धान्य भरलेली पिशवी हा उत्तम आधार होय.

उन्हाळ्यात नांगरलेली काळी जमीन तापली की तिच्यावरील हवा लहरू लागते. मृगजळ दिसू लागल्यावर कितीही महागडी लेन्स दूरचे चित्र स्पष्ट देऊ शकत नाही. सकाळची पहिली दोन तासांची वेळ साधणे हाच त्यावर उपाय आहे. धुळीत लेन्स बदलू नये. पावसाळ्यात सर्व साहित्य सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावे, अन्यथा काचेवर बुरशी धरते.

कायदा आणि संयम

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये काळविटाला अनुसूची १ चे संरक्षण आहे. पक्ष्यांची अंडी नष्ट करणे, अंडी वा घरटी विस्कळीत करणे यांचाही कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत समावेश आहे. अभयारण्यात प्रवेशासाठी व छायाचित्रणासाठी वनविभागाची परवानगी घेणे आवश्यक असते.

टिटवीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. ती शेतात उघड्या जमिनीवर अंडी घालते. छायाचित्रासाठी माणूस जवळ गेला की ती ओरडत उठते, आणि वैशाखाच्या उन्हात अंडी उघडी पडून तापू लागतात. लहान लेन्स घेऊन पाच पावलांवर उभा राहणारा उत्साही विद्यार्थी नकळत एका विणीचा नाश करू शकतो. लांब लेन्स बाळगणारा बांधापलीकडे थांबतो, चित्र घेतो आणि निघून जातो. टिटवीला त्याची फारशी झळ पोहोचत नाही.

यावरून खरेदीचा क्रम स्पष्ट होतो. आपल्या परिसरात कोणता प्राणी किती अंतरावर दिसतो, हे प्रथम पाहावे. त्या अंतराला पुरेल अशी लेन्स निवडावी आणि उपलब्ध रकमेचा मोठा भाग तिच्यावर खर्च करावा. त्याच माउंटची साधी, पण फोकस वेगाने साधणारी बॉडी त्यानंतर घ्यावी. बॉडी काही वर्षांत जुनी होते. चांगली निगा राखलेली लेन्स दीर्घकाळ साथ देते. शाळा आणि ग्रामपंचायत यांनी एकत्र येऊन असा एक संच बाळगला, तर गावच्या नोंदवहीत प्रत्येक ऋतूची भर पडत जाईल आणि शिवारातील जीवसृष्टीलाही तिच्या वाट्याचे निर्भय अंतर लाभेल.